गोंदण दिसेल असा कॅमेरा

आमच्या गावाकडच्या घरात, देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर, एक अनोळखी बाई वर्षभर लटकत होती. अंगावर हिरवा शालू, गळ्यात ठुशी आणि मोहनमाळ, मागे निळं आभाळ, त्यात कापसासारखे ढग. चेहरा गोरापान, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. फ्रेमला चंदनी हार, आणि खाली सोनेरी अक्षरांत चक्क माझ्या मायचं नाव.

माझी माय अशी नव्हती. ती काळी होती, उन्हानं रापलेली. जन्मभर तिनं शेळ्या राखल्या, नेकनूरच्या अलीकडच्या माळावर. शालू तिनं पाहिला तो दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या अंगावर. आणि बाप जाऊन इतकी वर्षं झाली होती की हिरव्या रंगाचा प्रश्नच नव्हता. तिच्या अंगावर सोन्याचा कण कधी आला नाही, पण हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. हिरवट, जरा फाकलेले. लहानपणी बाजाराला आलेल्या गोंदणारीनं तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, एकाच दिवशी शेजारी बसवून गोंदलं होतं. दोघींना सारखंच. दोघी रडल्या, आणि दोघींना गूळ मिळाला. ही गोष्ट माय इतक्या वेळा सांगायची की तो गूळ मीच खाल्ल्यासारखा वाटतो.

ते गोंदण फोटोत नव्हतं.

झालं असं, की माय गेली तेव्हा दहाव्याला ठेवायला फोटो सापडेना. एवढा मोबाइलचा सुळसुळाट, तरी सापडेना. त्याला कारण आहे. मायच्या पिढीतल्या बायकांची एक सवय: कॅमेरा दिसला की पदर तोंडाला. भावाच्या लग्नाच्या अल्बमात माय सगळीकडे आहे आणि सगळीकडे नाकाच्या वर आहे. माझ्या मोबाइलमध्येही तेच. मी मोबाइल काढायचा, कुलूप उघडायचं, कॅमेऱ्याचं चित्र शोधून त्याच्यावर बोट टेकवायचं, तोवर पदर दातांत. फक्त आधार कार्डवाल्यानं तिला दटावून पदर खाली घ्यायला लावला होता. म्हणून हनुवटीसकट असा तिचा तो एकच फोटो. आधारवर माणूस कसा दिसतो ते सांगायला नको, पण गोंदण त्यात होतं. अंधुक का होईना, होतं.

भाऊ ते कार्ड घेऊन बीडला एका स्टुडिओत गेला. तिथं कॉम्प्युटरमध्ये धडं तयार असतात. बाप्यांसाठी कोट-टाय नाहीतर फेटा, बायांसाठी शालू. गिऱ्हाईकानं फक्त मुंडकं आणायचं. आमच्या भावानं आणलं, त्यांनी बसवलं. विधवा आहे म्हटल्यावर मंगळसूत्र घासून काढलं, पण मोहनमाळ तशीच राहू दिली. तेवढीच त्यांची माणुसकी.

मी बीडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. वॉर्डात माझा आवाज चढला की नातेवाईक आपोआप जिन्याकडे सरकतात. तो आवाज घेऊनच मी स्टुडिओत गेले.

"हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?" मी विचारलं.

"गोंदण व्हतं व्हय ते?" स्टुडिओवाला म्हणाला. "मला वाटलं, स्कॅनला कचरा आलाय. डाग दिसले, मी क्लीन केलं. सगळ्यांचंच करतो, ताई. त्याचे वेगळे पैसे घेत न्हाई."

वेगळे पैसे घेत नाही! आमच्याकडे म्हणतात, सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं. बाई वर गेल्यावर तिला विचारतात म्हणे, काय आणलंस? तेव्हा ती गोंदण दाखवते. माझा वर-खाली असल्या गोष्टींवर विश्वास नाही, मी माणसं मरताना रोज बघते. पण मायचा होता. जी एकच गोष्ट ती सोबत नेणार होती, ती या माणसानं कचरा म्हणून पुसली, आणि तेही फुकट.

"परत टाका," मी म्हटलं.

"टाकतो की. पण कार्डात लई धुरकट हाय. तसंच मोठं केलं तर घाण दिसंल. तुमी एक करा, तसल्याच गोंदणाचा साफ फोटो आणा. नमुना. त्यावरून बसवतो."

नमुना म्हणजे मावशी. दुसरा नमुना जगात नव्हता. मी ठरवलं, वर्षश्राद्धाला पाटावर ती शालूवाली ठेवायची नाही. माझी माय ठेवायची, तिच्या तीन ठिपक्यांसकट.

भावाला ही सगळी कटकट वाटली. तो म्हणाला, "आक्का, जाऊ दे ना. जित्तेपणी तिला शालू भेटला न्हाई, फोटूत तरी नेसू दे की." त्याचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही, म्हणून मी त्याच्यावर जास्तच चिडले. तरी पोरगा गुणी. मी भडकलेली पाहून तो आपला मोबाइल घेऊन मावशीकडे गेला. तिच्या दोन्ही हातांत नुकतं जन्मलेलं करडू होतं, पदर ओढायला हात मोकळा नव्हता. त्यानं फोटो काढला आणि लगेच मला पाठवला.

मी तो फोटो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. मावशी गोरी झाली होती. गाल पावडर लावल्यासारखे, सुरकुत्या इस्त्री फिरवल्यासारख्या साफ. करडाच्या नाकावरचा काळा ठिपका जसाच्या तसा होता आणि मावशीच्या हनुवटीवरचे तिन्ही गायब. म्हणजे त्या यंत्राला माणूस कुठला आणि शेळी कुठली हे बरोबर कळलं होतं, आणि शेळीला त्यानं हात लावला नव्हता. सुधारणा फक्त माणसात हवी होती.

"ते बंद करता येतं," असं मला पुढं दहा जणांनी सांगितलं. करता येतं हो. भावानं केलंही. आत जाऊन, आतल्या आत जाऊन, कुठली तरी खूण डावीकडे सरकवली. करडू तिच्या हातात असतानाच पुन्हा फोटो काढला, तरी हनुवटीवर ठिपक्यांच्या जागी नुसती सावली आली, धुतलेल्या डागासारखी. मी म्हटलं, मला हे बोलणारं, लिहिणारं, पेपर वाचणारं, माणूस गोरं करणारं यंत्र नकोच. मला साधा कॅमेरा पाहिजे. खिशात मावणारा. बटण दाबलं की समोर असेल ते काढणारा. स्वतःची अक्कल न लावणारा.

तो शोधायला मी बीडच्या बाजारात निघाले. निघण्याआधी आरशासमोर उभं राहून निळ्या बॉलपेननं माझ्या हनुवटीवर तीन ठिपके काढले. परीक्षा घ्यायची तर पेपर सोबत नको?

पहिल्या दुकानात कॅमेरा म्हटल्यावर पोरानं मोबाइलच पुढे केला. "मॅडम, ह्यात चार कॅमेरे हायत."

"मला एकच पाहिजे."

"तसला डब्बा आता कोण घेतंय? आणि मॅडम, हनुवटीला शाई लागलीय तुमच्या."

"माहीत आहे. काढा फोटो."

त्यानं काढला. शाई गेली. तो इतका खूश झाला, की जणू माझा रोगच बरा केला. "बघा, शाईसुद्धा घालवली!" मी काही न बोलता बाहेर पडले. माझ्यासाठी हे मोठंच काम होतं.

दुसरं दुकान लग्नाच्या शूटिंगवाल्यांचं. तिथले कॅमेरे एवढे मोठे, की गळ्यात अडकवले तर मानेचा पट्टा लागेल. त्यावर चाकं, चाकांवर आकडे. मी विचारलं, यातलं सोपं कुठलं? मालकानं माझ्याकडे पाहिलं, ठिपक्यांकडे पाहिलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमी मुलाला पाठवा. त्याला समजंल."

मी सव्वा किलोच्या बाळाच्या हाताची शीर शोधून सुई लावते. रात्री लाइट गेल्यावर टॉर्च दातांत धरून बाळंतपण केलंय. आणि मला बटण दाबायला मुलगा पाठवायचा? हे मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. मला मुलगा नाही, मुलगी आहे, हेही सांगितलं. त्याचा काही संबंध नव्हता, पण बोलायला लागल्यावर मला मध्येच थांबता येत नाही.

तिसरं दुकान जुन्या पेठेतलं. पूर्वी तिथं रोल धुऊन मिळायचे, आता अर्ध्या दुकानात झेरॉक्स. काउंटरमागच्या म्हाताऱ्यानं आधी मला परतच लावलं. "कशाला घेता? मोबाइलात सगळं हाय." मी हलले नाही. मग त्यानं काचेच्या कपाटातून एक छोटा लाल कॅमेरा काढला आणि कौतुकानं सांगितलं, की यातसुद्धा चेहरा मऊ करायची सोय आहे. मी म्हटलं, "ठेवा आत." दुसऱ्यात हसल्याशिवाय फोटो निघत नव्हता. समोरचा माणूस हसला तरच यंत्र चालणार! म्हणजे वर्षश्राद्धासाठी मावशीनं दात काढायचे. तोही ठेवा आत.

शेवटी त्यानं खालच्या फळीवरून एक करडा, जरा जाडसर तुकडा काढून फडक्यानं पुसला. हातात घेतला तर साबणाच्या वडीएवढा. वर चालू करायचं एक बटण आणि फोटोचं एक, चांगलं अंगठ्याएवढं. चाक नाही. घड्याळाला लागतात तसले पेन्सिल सेल, आमच्या गावच्या किराणा दुकानातसुद्धा मिळणारे. आणि मुख्य म्हणजे डोळा लावायला एक बारीक खिडकी. माळावर दुपारच्या उन्हात मोबाइलच्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं, पुढचं काही दिसत नाही. ही खिडकी असली की ऊन काय करणार?

म्हाताऱ्यानं माझा फोटो काढून मागच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. ठिपके होते. तिन्ही. त्याबरोबर डोळ्यांखालची वर्तुळं, ओठावरची लव आणि चष्म्यानं नाकावर पाडलेले वणही होते. मी पन्नाशीची दिसत होते. मी पन्नाशीचीच आहे.

"ह्यात माणूस हाय तसा येतो," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर खपला न्हाई."

तो मी घेतला. पंधरवडाभर एप्रनच्या खिशात बाळगला. दवाखान्यामागचा कडुनिंब काढला, चहाच्या गाड्यावरचं पातेलं काढलं, माझ्या मुलीला जेवताना काढलं तर ती म्हणाली, "आई, कसली भयंकर दिसतेय मी." मी म्हटलं, "दिसतेस तशीच दिसतेस." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण माझा हात बसला. खिशातून काढणं, चालू करणं, दाबणं, एका दमात. पदर ओठांपर्यंत यायच्या आत.

मग एका रविवारी एसटीनं गाव गाठलं आणि तशीच माळावर गेले. मावशी बाभळीखाली बसली होती, शेळ्या पुढं पांगलेल्या. मायपेक्षा ती धाकटी, पण दिली त्याच गावात, म्हणून दोघींनी जन्मभर शेळ्या एकत्र चारल्या. माय गेल्यापासून तिच्या शेळ्याही हिच्याच मागं.

मी कॅमेरा काढला. चालू केला. दाबला. आणि मागच्या पडद्यावर पाहिलं तर पदर. पंधरा दिवसांचा सराव मातीत गेला! या बाईचा हात माझ्या हातापेक्षा चपळ होता.

"काय काढायलीस?" मावशीनं पदराआडून विचारलं.

"तुझा फोटो. फक्त चेहरा. जवळून."

"एकटीचा?"

"हो."

तिनं पदर आणखी वर ओढला. मग म्हणाली, "म्हातारीचा एकटीचा फोटू कावून काढतेत ते मला कळत न्हाई व्हय? भिताडाला लावायला. माझी वाट बघतीस का ग, पोरी?"

मला रागच आला. तिचा नाही, माझाच. वर्षभर मी स्टुडिओशी भांडले, दुकानदारांशी भांडले, आणि जिच्या तोंडावर हे सगळं अवलंबून तिला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. मग सांगितलं सगळं. मायच्या फोटोत ठिपके का नाहीत ते. मावशीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, तिला वाटत होतं आपल्यालाच नीट दिसत नाही.

"पुसलं?" ती म्हणाली. "गोंदण पुसलं?"

"डाग म्हणून."

"मुडदा बशिवला त्याचा!" मावशी अशी ओरडली की जवळची शेळी बिचकून उडाली. "माजी आक्का वर जाऊन काय दावील मग? मोकळं त्वांड? आमी दोघी रडलो व्हतो त्या सुईला! त्याच्या बापाचं काय गेलं व्हतं?"

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याइतकं चिडलं होतं. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मावशीनं पदर मागं सारला, मानेशी खोचला, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "काढ. पायजे तितके काढ."

मी काढले. उन्हात, खिडकीला डोळा लावून. ती हसली नाही. तिचे डोळे अजून त्या स्टुडिओवाल्यावर वटारलेले होते.

नमुना मिळाला. मी स्टुडिओत गेले आणि त्यानं मावशीचे ठिपके उचलून त्या शालूवाल्या बाईच्या हनुवटीवर बसवले. माझ्यासमोर बसवले. आणि मला कळलं, हे काही खरं नाही. गॅदरिंगच्या नाचाला पोरींच्या हनुवटीवर काजळानं काढतात ना, तसं दिसत होतं. गोऱ्या, गुळगुळीत, सोन्यानं मढलेल्या बाईनं हौसेनं लावून घेतलेले तीन ठिपके. "आता झालं ना समाधान?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मावशीच्या फोटोचा एक मोठा प्रिंट द्या. काही न करता." तरी त्याचा हात सवयीनं तिच्या गालावरून फिरायला लागलाच. मी टेबलावर हात आपटला तेव्हा थांबला.

वर्षश्राद्धाला भावानं अंगण सारवून घेतलं, मंडप घातला, माजलगावकडचे पाहुणे सकाळीच आले. नवे ठिपके लावलेली शालूवाली बाई त्यानं नीट पुसून पाटावर मांडली. मी काही बोलले नाही. बोलून बोलून मी थकले होते, आणि दुसरा फोटोच नव्हता तर बोलणार काय? मावशी आली तेव्हा मी तिच्या हातात पाकीट दिलं. म्हटलं, "हा तुझा. घरी ठेव. भिंतीला लावू नकोस."

मावशीनं फोटो बाहेर काढला. चांगल्या डोळ्याजवळ धरला, लांब धरला. फोटोतल्या हनुवटीवरून बोट फिरवलं. मग सरळ उठून पाटापाशी गेली आणि भावाला म्हणाली, "ही उचल."

"मावशे, काय करायलीस?"

"हिला उचल म्हनले ना. हितं मला ठिव."

भाऊ घाबरून म्हणाला, "जित्या माणसाचा फोटू पाटावर ठिवत न्हाईत, मावशे. अपशकुन हाय." आणि इतके दिवस सगळ्यांवर ओरडणारी मी, माझाही जीव वरखाली झाला. मीही म्हटलं, "मावशी, नको. तुला काही झालं म्हणजे?"

"मला काय व्हतंय? झालं तर झालं." तिनं शालूवाली फ्रेम स्वतःच उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आपला फोटो तांब्याला टेकवून पाटावर उभा केला. "गोंदण एका दिशी झालं, एका सुईनं. तिचं पुसलं तर माझं हाय. तिला ठिवलं काय, मला ठिवलं काय."

ताटातला झेंडूचा हार घ्यायला कुणी पुढं होईना. मी तर नाहीच. मावशीनंच तो घेतला आणि स्वतःच्या फोटोला स्वतःच्या हातानं घातला. हळद-कुंकवाचं बोट हनुवटीवर नेलं आणि ठिपक्यांना न लागेल असं खाली टेकवलं. मग समोर बसली, आणि "आक्का ग" म्हणून जो हंबरडा फोडला, तो ऐकून पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बायाही उठून आल्या.

मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, पुरे आता," मी म्हणाले.

तिनं माझा हात झटकला. "कावून गप करतीस? रडू दे मला. वरीस झालं, त्या बाईम्होरं मला रडूच येत न्हवतं."